पूरग्रस्तांची यादी पडताळताना

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन आली. पाठवणाऱ्याने खाली एकच ओळ लिहिली होती : ‘मेलेल्या माणसांना पाच-पाच लाख. हेडिंग तयार आहे.’ दूधगंगेकाठच्या एका गावात २०१९ च्या पुरात घरं पडलेल्यांची ती यादी. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मालमत्ता क्रमांक, नुकसानीचा वर्ग, जमा झालेले हप्ते. पानापानावर शिक्का आणि सही. कागद खरा दिसत होता आणि पुढे तो खराच निघाला. पण कागद खरा आहे का आणि त्यावर लिहिलंय ते खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लवकर मिळालं. दुसऱ्यासाठी दारोदार फिरावं लागलं.

सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदमच चढल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला. इकडे निपाणी, चिक्कोडी, कागवाड, रायबाग, अथणी या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांतून माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती बसू लागल्या. कर्नाटक सरकारने घरांच्या नुकसानीचे तीन वर्ग केले : ७५ टक्क्यांच्या वर पडलेलं घर ‘ए’, २५ ते ७५ ‘बी’, १५ ते २५ ‘सी’. ‘ए’ला पाच लाख, ‘सी’ला पन्नास हजार. तलाठी, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि इंजिनिअर येऊन पंचनामा करणार, त्यावरून वर्ग ठरणार आणि पाया, भिंती, छत असं काम पुढे सरकेल तसे फोटो चढवून राजीव गांधी ग्रामीण वसती निगमकडून हप्ते सुटणार. म्हणजे पंचनाम्यावरच्या एका अक्षरावर साडेचार लाखांचा फरक.

यात खोटं करायला जागा आहे, हे कुणालाही दिसेल. मला भीती वेगळीच होती. अशी बातमी छापून आली की चौकशी लागते, आणि चौकशी लागली की पहिल्यांदा थांबतात ते हप्ते, सगळ्या गावाचे. छत टाकायचं राहिलेलं घर घेऊन बसलेली बाई आणि खोटा पंचनामा करून पैसे उचललेला माणूस एकाच यादीत असतात. बातमी ढोबळ झाली तर मार बसतो तो त्या बाईला. म्हणून ठरवलं, ओळ न् ओळ तपासायची आणि जी सिद्ध होणार नाही ती छापायची नाही.

पाठवणाऱ्याला आधी विचारलं, ही तुमच्याकडे आली कुठून आणि आताच का पाठवताय. त्याने आडपडदा ठेवला नाही. गावच्या पंचायतीत त्याचा गट हरलेला होता. हेतू राजकीय असला म्हणून कागद खोटा ठरत नाही. मात्र त्याने ज्या नावांवर लाल खुणा केल्या होत्या त्या सगळ्या समोरच्या गटातल्या होत्या. म्हणून खुणा बाजूला ठेवून यादी पहिल्या नावापासून तपासायला घेतली.

मूळ फाइल एका पेन ड्राइव्हवर जशी आली तशी ठेवली, तिची हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळखखूण, काढून वहीत लिहिली आणि सगळं काम नकलेवर केलं. उद्या कुणी म्हणालं की यादीत तुम्हीच फेरफार केलात, तर मूळ प्रतीत एक अक्षर जरी बदललं असलं तरी हॅश जुळत नाही. एवढी सवय प्रत्येक वार्ताहराने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मोफत होतं आणि मिनिटभर लागतं.

मग खरी डोकेदुखी सुरू झाली. यादी नुडी या कन्नड फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. पीडीएफमधून उचलून एक्सेलमध्ये टाकली की कन्नडच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा काला उमटायचा. जुन्या श्रीलिपीत काम केलेल्या मराठी माणसांना हे दुखणं माहीत आहे. कन्व्हर्टरने निम्मं काम झालं, पण जोडाक्षरं तुटली. शेवटी कन्नड दैनिकात काम करणारा चिक्कोडीचा एक मित्र आणि मी समोरासमोर बसलो. तो वाचायचा, मी टाइप करायचे. मग मी वाचायचे आणि तो मूळ प्रतीवर बोट ठेवायचा. जुन्या मालमत्ता क्रमांकांतले आकडे कन्नड होते. कन्नड सहा आणि नऊ झेरॉक्स फिकट असली की एकमेकांत मिसळतात, म्हणून असा प्रत्येक क्रमांक पंचायतीच्या घरपट्टी रजिस्टरशी ताडून पाहिला.

नावांचं तर विचारू नका. आमच्याकडे माणूस घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेत इंग्रजी असतो. ज्ञानेश्वर हे नाव एका कागदावर ‘जे-एन’ने सुरू होतं, आधारवर ‘डी-एन’ने आणि पासबुकावर ‘जी-वाय’ने. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. उलट, मारुती पाटील नावाची चार माणसं एका गल्लीत सापडतात आणि संगणक त्यांना एक करून टाकतो. यादीत बायकांच्या नावापुढे ‘गंड’ म्हणजे नवरा आणि ‘तंदे’ म्हणजे वडील असं लिहिलेलं असतं. एका ठिकाणी माहेरचं नाव, दुसऱ्या ठिकाणी सासरचं, अशी एकच बाई दोन लाभार्थी होऊन बसते. पाठवणाऱ्याने ‘डबल नावं’ म्हणून ज्या जोड्या काढल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक अशाच नावांच्या घोळातून निघाल्या. तेव्हापासून नावावरून मी काहीच जुळवत नाही. लाभार्थी क्रमांक, मालमत्ता क्रमांक आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव अशी तिन्ही जुळली तरच माणूस एक धरायचा, नाहीतर त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवायचं.

पुढचा प्रश्न : ही यादी ताडायची कशाशी? निगमच्या संकेतस्थळावर तीच नावं होती, तेच वर्ग होते. एखाद्याला वाटेल, दोन ठिकाणांहून खात्री झाली. तशी ती होत नाही. छापील यादी आणि संकेतस्थळ दोन्ही एकाच नोंदीतून निघालेली, त्यामुळे मूळ नोंद चुकीची असेल तर दोन्हीकडे तीच चूक दिसणार. वेगळा पुरावा हवा असेल तर त्या नोंदीच्या आधीचा कागद पाहायला हवा. म्हणजे हाताने लिहिलेला पंचनामा.

तो माहिती अधिकारात मागितला. कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, म्हणून कन्नडमध्ये लिहिला. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा अशी अट आहे. ‘घोटाळ्याची सर्व माहिती द्या’ असं लिहिणाऱ्याचा अर्ज तिथेच पडतो. मी गाव, वर्ष, पंचनाम्यांच्या प्रती आणि फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी एवढंच मागितलं, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा पहिलं अपील केलं. अपिलानंतर फाइल बघायला बोलावलं. कलम २(जे) प्रमाणे फाइल पाहणं, टिपणं काढणं, प्रमाणित प्रती घेणं हा सगळा माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे. नुसत्या प्रती मागणारे हे विसरतात. प्रतीत शाई दिसत नाही, फाइलमध्ये दिसते.

शाई पाहिली म्हणूनच पहिली खरी गोष्ट हाती लागली. पंचनाम्यात नुकसानीची टक्केवारी आधी आकड्यात आणि शेजारी अक्षरी लिहिलेली होती. एका पानावर आकड्यात ७८, वर्ग ‘ए’. आकडे इंग्रजी होते. इंग्रजी एकाच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढली की सात होतो. ती रेघ निळी होती, बाकीचं पान काळ्या शाईत. शेजारी अक्षरात मात्र ‘हदिनेंटु’ तसंच राहिलं होतं. हदिनेंटु म्हणजे अठरा. अठ्ठ्याहत्तरला ‘एप्पत्तेंटु’ म्हणतात. अठरा टक्के म्हणजे ‘सी’, पन्नास हजार. मित्राने ते मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. मग प्रत्येक पंचनाम्याचा आकडा आणि अक्षर शेजारीशेजारी ठेवून पाहिले. विसंगत निघालेले पंचनामे मोजकेच होते. आणि त्यांतल्या एकाही नावावर लाल खूण नव्हती.

खुणा केलेली ‘मेलेली माणसं’ अजून बाकी होती. यादी घेऊन गावात गेले. पहिल्याच घरी सत्तरीच्या एक आजी दारात शेंगा निवडत होत्या. यादीत नाव होतं ते त्यांच्या सासऱ्यांचं. ते पुराच्या कितीतरी आधी वारलेले.

‘व्हय गं बाळ, मामंजी जाऊन लई वर्सं झाली,’ त्या म्हणाल्या. ‘घर पडलंय आमचंच, खरं उतारा त्यांच्याच नावावर हाय. वारसा लावाय दोनदा गेलोतो कचेरीत. एक भाऊबंद सही देत न्हाई.’

त्यांनी पासबुक दाखवलं. हप्ते त्यांच्या मुलाच्या खात्यावर जमा झाले होते. मृत्यूचा दाखला होता, भाऊबंदांचा वाद सांगणारा अर्ज होता, मागे नवं घर उभं होतं आणि त्याच्या पायाशी जुन्या भिंतीची माती अजून पसरलेली होती. घरपट्टी रजिस्टरमधलं नाव यादीत तसंच उतरलं, पैसे मात्र हक्काच्या माणसाला मिळाले. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. वारसा न लागलेली घरं आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. जमिनीच्या उताऱ्याला माणसं धावतात, घराच्या उताऱ्याला कर्ज काढेपर्यंत कुणी हात लावत नाही. ‘मेलेली माणसं’ म्हणून आलेली जवळजवळ सगळी नावं अशीच सुटली. तयार हेडिंग तिथेच संपलं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

आता न पडलेली घरं. इथे मी उपग्रहाची चित्रंही पाहिली, पण त्यांच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे आधी समजून घ्यावं लागतं. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांचा एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा. गावातलं घर तेवढंच, कधी त्याहून लहान. शिवाय ऑगस्टात ढग. सेंटिनेल-१ रडारने बघतो, त्याला ढगांची अडचण नाही, म्हणून पाणी कुठवर पसरलं होतं याचा अंदाज त्यावरून घेता आला. घर पडलं की नाही हे दोन्ही सांगू शकत नाहीत. त्यासाठी गुगल अर्थवरची पुराच्या आधीची आणि नंतरची जुनी चित्रं ठेवून छपरं पाहिली. आणि सगळ्यात भरवशाची खूण गावातच होती : देवळाच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा रंगाने मारलेल्या आहेत. त्या रेघांवरून गावातलं कुठलं घर पाण्यात होतं हे शाळकरी पोरही सांगतं.

‘ए’ वर्गातलं एक घर या तिन्ही रेघांच्या वर, माळाच्या बाजूला निघालं. पाणी तिथे गेलंच नाही. लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो, पण काढायचा नाही. मातीचं घर नुसत्या पावसानेही बसतं आणि मदत त्यालाही होती. म्हणून शेजाऱ्यांना विचारलं, एकेकट्यांना, वेगवेगळ्या वेळी. दोघांनी भिंत पडलेली स्वतः पाहिली होती. तिसऱ्या घरचे त्या कुटुंबाशी बोलत नाहीत, तरी त्यांनीही तेच सांगितलं. वैऱ्याने दिलेली साक्ष मी वजनदार धरते. ते घर संशयाच्या यादीतून सोडलं.

विजेच्या मीटरचंही असंच. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर आर.आर. नंबर म्हणजे ग्राहकाचा क्रमांक आणि महिन्याचा वापर असतो. घर जमीनदोस्त झालं असेल तर वापर शून्यावर यायला हवा, असं वाटतं. एका घरमालकाने बिलं आपणहून दाखवली. वापर एकही महिना थांबलेला नव्हता. त्याचं म्हणणं, मीटर काढून परसातल्या पत्र्याच्या शेडवर लावला आणि आम्ही तिथेच राहिलो. शेड अजून तिथे होती, भिंतीवर मीटरच्या फळीची खूण होती, लाइनमननेही दुजोरा दिला. म्हणजे चालू मीटर हा पुरावा नाही. बंद मीटरही नाही, कारण पुराच्या दिवसांत सगळ्या गावाची वीज गेली होती. अशा एका पुराव्यावर बातमी उभी करू नये. तो फक्त पुढचा प्रश्न कुठे विचारायचा ते दाखवतो.

फाइलमधल्या फोटोंनी मात्र स्पष्ट उत्तर दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत वेळ-जागेची माहिती उरत नाही, म्हणून फाइलला लावलेल्या छापील फोटोंवर भिंग धरून बसले. दोन वेगळ्या लाभार्थ्यांच्या फाइलींत पडलेल्या भिंतीचे दोन फोटो होते, एक समोरून, एक डावीकडून. दोन्हींत भिंतीत एक देवळी होती, तिच्या खालच्या कडेवर तेलाचा ओघळ आणि वर उजवीकडे वाकडी खुंटी. ओघळाला मधेच एक फाटा फुटलेला, दोन्ही फोटोंत तसाच. भिंत एकच होती. ज्याची भिंत होती त्याचं घर खरोखर पडलं होतं. दुसऱ्याचं, गावातल्या सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे आणि गुगल अर्थच्या आधीच्या-नंतरच्या छपराप्रमाणे, उभंच होतं. पंचनाम्यात त्याच माणसाचा आकडाही खाडाखोड केलेला. त्याच्या फाइलीत घरपट्टीची एक पावती जोडली होती, २०१६ ची, आणि तिच्या डोक्यावर छापलं होतं ‘तालुका निपाणी’. निपाणी तालुका वेगळा झाला तो २०१८ मध्ये. २०१६ साली त्या गावचा सगळा कारभार चिक्कोडी तालुक्याच्या नावाने चालायचा. पावती नंतर छापलेली आणि मागची तारीख घातलेली. एकाच फाइलीत तीन गोष्टी, तिन्ही एकमेकींवर अवलंबून नसलेल्या. इतकं जमल्याशिवाय मी कुणावर ‘खोटं’ हा शब्द वापरत नाही.

असं पक्कं ठरलेल्या प्रत्येक नोंदीबद्दल संबंधितांना लेखी प्रश्न पाठवले, मराठीत आणि कन्नडमध्ये, उत्तराला पुरेशी मुदत देऊन. लाभार्थ्याला, सही करणाऱ्याला आणि वरच्या कचेरीला. एका सहीवाल्याने कळवलं की पानावरची सही त्याची आहे, आकडा दुरुस्त करताना मात्र तो हजर नव्हता. हे आम्ही जसंच्या तसं छापलं. एकाने कागद दाखवून स्वतःची बाजू पटवून दिली. त्याची नोंद बातमीतून काढली.

छापण्याच्या आदल्या आठवड्यात आणखी एक दबाव आला, आणि तो मला सगळ्यात जास्त झोंबला. एका बाजूचे म्हणू लागले, गाव मराठी आहे म्हणून कानडी अधिकाऱ्यांनी अन्याय केला असं लिहा. दुसऱ्या बाजूचे मित्राला सांगत होते, मराठी पंचायतीने सरकारचा पैसा खाल्ला असं लिही. सीमाप्रश्नाबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि मी ती लपवत नाही. सरकारी कागद मराठीतूनही मिळावेत ही आमची मागणी जुनी आहे आणि या कामात तिची निकड पानोपानी जाणवली, कारण आपल्याच पंचनाम्यावर काय लिहिलंय हे घरमालकांनाही वाचता येत नव्हतं. अठराचे अठ्ठ्याहत्तर झाले तरी शेजाऱ्याला कळायचं कसं? पण खाडाखोड झालेल्या फाइलींत मराठी नावं होती तशी कन्नडही होती. पुराव्यात भाषेचा भेद दिसला नाही, म्हणून बातमीतही तो आणला नाही. दोघांनी एकाच दिवशी, एकाच पुराव्यावर, आपापल्या भाषेत छापलं. त्याआधी मी त्याचं कन्नड वाचलं आणि त्याने माझं मराठी, एकाने लिहिलेलं दुसऱ्यात नसेल तर ते काढायचं या अटीवर. लाभार्थ्यांची नावं, आधार आणि खाते क्रमांक दोघांनीही दिले नाहीत.

बातमीच्या दुसऱ्याच चौकटीत, मोठ्या टायपात, आम्ही लिहिलं होतं की यादीतली बहुतेक घरं खरंच पडलेली आहेत, वारसा न लागल्यामुळे नावं जुनी दिसतात, आणि त्यांचे हप्ते रोखण्याचं काहीही कारण नाही. संपादकांनी आधी ती चौकट आतल्या पानावर टाकली होती. भांडून पहिल्या पानावर घेतली. चौकशी लागली, ती मोजक्या फाइलींपुरती. आजींच्या मुलाचा शेवटचा हप्ता जमा झाल्याचं त्याने स्वतः फोन करून कळवलं, आणि वारसा लावायला कुठले कागद लागतात ते विचारून घेतलं.

काही नोंदी अजून अडकलेल्या आहेत. त्यांच्या फाइलींतले फोटो ‘सापडत नाहीत’ असं लेखी उत्तर आलं. पहिल्या अपिलातही तेच. नव्वद दिवसांच्या मुदतीत दुसरं अपील कर्नाटक माहिती आयोगाकडे दाखल केलं आहे. त्या घरांबद्दल गावात बरंच बोललं जातं, बोलणारे मला वरचेवर फोनही करतात. फोटो हातात पडेपर्यंत त्या ओळींसमोर प्रश्नचिन्हच राहील.